रोजकीर्दीतील क्लॅरिनेट

परवा कुरकुंभला एका वरातीत क्लॅरिनेटचा सूर कानी पडला आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे दौंड आठवले. तेथील रेल्वे वसाहतीत तेव्हा अँग्लो-इंडियन व गोवेकर कुटुंबे होती. त्यांतील एका निवृत्त गार्डसाहेबांकडे मी क्लॅरिनेट शिकलो. पुढे आम्हा पाच हौशी वादकांचा बँड जमला. घरी चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवून मी तालमीला पळत असे.

जाझ हा शब्द आमच्या आडत दुकानात अपरिचित. पण १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी सर्वांना पाठ होती. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र जन्माने पुणतांब्याचे, म्हणजे आमच्याच दौंड-मनमाड मार्गावरचे! त्यांच्या साथीला गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. ‘आम्ही अलबेला वाजवतो,’ एवढेच मी वडिलांना सांगे. ते खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते.

नाताळच्या नाचात मी वाजविल्याचे त्यांना कळले. तेथे मद्य होते. मी त्याला शिवलो नव्हतो, परंतु त्यांनी विचारलेच नाही. ‘उद्यापासून गल्ल्यावर बस,’ इतकेच म्हणाले. मी बसलो, नंतर बँकेत लागलो.

वडील गेल्यावर जुन्या रोजकीर्दी चाळताना त्यांच्या अक्षरातील नोंद आढळली : ‘गार्डसाहेबांस, शिकवणीबद्दल, रु. १०.’ दर महिन्याला. साहेबांनी माझ्याकडे कधी पैसे मागितले नव्हते. मी ती त्यांची कृपा समजत आलो होतो. डिसेंबरनंतर मात्र ती नोंद नाही.