आधी दाखला, मग ब्लॉकचेन

गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले ‘ब्लॉकचेन’वर नेत असल्याचं २०२२ साली जाहीर झालं. म्हणजे एकच नोंदवही अनेक संगणकांवर. कुणी एकीत खाडाखोड केली की बाकीच्या प्रती ती उघडी पाडतात. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लाटणाऱ्यांना चाप बसणार असेल तर हवंच आहे!

पण मैत्रिणींनो, जिला दाखलाच मिळाला नाही तिच्याबद्दल ही वही काय सांगणार? कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी बाई दिवाळीनंतर घरादारासकट वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. तिच्याकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागायचा! घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर, आजा शाळेत गेलेला नाही. त्यातून जात ठरते बापाकडून. म्हणजे सासरी नांदणाऱ्या बाईने माहेरच्या तालुक्याला खेटे घालायचे, रोज बुडवून.

आणि नोंदच चुकीची झाली तर? यंत्र चूकही तितक्याच इमानाने जपतं. दुरुस्तीची नवी नोंद करता येते, पण ती करणार साहेबच. वनहक्क कायद्याने २००६ सालीच पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं सांगितली आहेत. बायकोचं नाव राहिलेला पट्टा उद्या या वहीत गेला, तर तिने कुणाचा दरवाजा ठोठवायचा?

म्हणून आपली मागणी अशी: भातकापणी उरकल्यावर, भट्टीची गाडी येण्याआधी वाड्यावर शिबिरं घ्या, दाखले तिथेच द्या. कुठलीही यादी संगणकावर चढवण्यापूर्वी महिला सभेत मोठ्याने वाचा.