शाब्बासकी आणि पाणीपुरी

मागच्या रविवारची गोष्ट. आमचा धाकटा शाळेची मॅच खेळून धावतच घरी आला. "आई, चाळीस रन काढले!" मी भरिताची वांगी भाजत होते. तशाच काळ्या हातांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाहेरच्या खोलीत 'हे' पेपर वाचत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "चाळीसच ना? पन्नास का नाही झाले?" पोराचा चेहरा असा उतरला म्हणता! रात्री मी विषय काढला, तर यांचं उत्तर तयारच. "आचरेकर सरांनी सचिनला कधी शाब्बास म्हटलं नाही, म्हणून तो सचिन झाला."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात कधी ना कधी कानावर आलं असेल. म्हटलं, हे सर होते तरी कसे ते एकदा नीट पाहावंच.

रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे, जन्म १९३२ चा. नोकरी स्टेट बँकेत. स्वतः प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो एकच, बँकेच्या संघाकडून, १९६३-६४ साली. पण दादरला शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेली मुलं मोजा: बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर आणि अर्थातच सचिन तेंडुलकर. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री.

आता यांचा मुद्दा. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननंच सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सर एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. पोराच्या डोक्यात हवा जाईल, मेहनत कमी होईल, ही त्यांना धास्ती. म्हणजे यांचं म्हणणं खोटं नाही. पण अर्धंच आहे!

त्याच भाषणात सचिननं सरांच्या स्कूटरचीही आठवण काढली. एक मॅच संपली, की सर पोराला मागं बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, तिथून तिसऱ्या. सरावात स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर सचिनला आऊट करील त्याचा रुपया. शेवटपर्यंत आऊट झाला नाही, तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. आणि सर खूश झाले, की तोंडानं काही बोलायचे नाहीत, भेळ किंवा पाणीपुरी खाऊ घालायचे. पोरगं काय ते ओळखायचं.

सर तापटही होते. ठरवून दिलेली मॅच सोडून सचिन मोठ्या मुलांची मॅच बघायला गेला, तेव्हा त्यांनी अशी थप्पड दिली की हातातला जेवणाचा डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या कसल्या वाजवतोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असं खेळ, हा त्यातला धडा. मला मात्र आधी प्रश्न पडला तो डब्यात काय होतं याचा! धडा घ्यावा, थप्पड घेऊ नये. आजच्या मुलांवर हात उगारून काही साधत नाही, उलट ती घरात बोलायचीच बंद होतात.

मला त्यांची पहिल्या दिवसाची गोष्ट जास्त आवडली. अकरा वर्षांच्या सचिनला थोरला भाऊ अजित सरांकडे घेऊन गेला. सर समोर उभे, त्यामुळे पोराला काही खेळता येईना. अजितनं विनंती केली, तसे सर निघून गेल्यासारखं दाखवून लांबून बघत राहिले. मग पोरगं खुललं. सर कडक खरे, पण नजर कधी जवळून ठेवायची आणि कधी लांबून, हे त्यांना कळत होतं.

आपलंही तसंच नाही का? भाजी छान झाली असं आपल्याला कोण सांगतं? पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं, की आपण समजून जातो. न बोललेलं कौतुक कळतं, पण त्यासाठी माणूस ताटावर हजर हवा ना!

हेच मी यांना सांगितलं. "शाब्बास म्हणू नका हवं तर. पण सर रोज मैदानावर असायचे. तुम्ही आजवर पोराची एक तरी मॅच पाहिलीत?" यावर हे गप्प.

तेव्हा घरी अशी कुरबुर असेल, तर वाद घालू नका. महिन्यातून एकदा बापलेकांना, हो, आणि बापलेकींनाही, मैदानावर पाठवा. 'किती केलेस?' ऐवजी 'कसा आऊट झालास?' असं विचारायला सांगा. येताना दोघांनी गाडीवर पाणीपुरी खाल्ली, तर रात्रीचं जेवण कमी जाईल. जाऊ द्या.

२ जानेवारी २०१९ रोजी सर गेले, तेव्हा त्यांना खांदा द्यायला सचिन होता. नुसत्या धाकानं असं नातं जडत नाही.

या रविवारी पुन्हा मॅच आहे. यांनी अजून 'येतो' म्हटलेलं नाही. पण काल संध्याकाळी न सांगता गाडीत पेट्रोल भरून आणलंय, एवढं मी पाहून ठेवलंय.