सहकाराची खरी गोडी

व्हिडिओ-खेळांनीं मुलें एकलकोंडीं होतात, हा आक्षेप आमचे कित्येक विद्वान् मित्र न खेळतांच घेतात. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्यें दोघे आळीपाळीनें खेळत. तेथें तो कांहींसा लागू पडेल. परंतु २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्यें चौघे एकाच पडद्यावर धांवतात व एकमेकांस अडतात. सोबत्याच्या डोक्यावर पाय देऊन उंच उडी घेतां येते, तशी त्याला दरींतही लोटतां येतें. पडलेला गडी बुडबुड्यांतून परततो. तो बुडबुडा सोबत्यानेंच फोडावा लागतो. या धक्काबुक्कीस कोणी रचनेचा दोष म्हणतात. आम्हांस तीच गोडी वाटते. जेथें दगा देणें शक्यच नाहीं, तेथें मदतीला कसली किंमत? परवां धाकट्या कन्येनें आम्हांस तीनदां खाईंत लोटलें. चौथ्या खेपेस उचलून पलीकडे नेलें.