धूर कोणाचा अन् दंड कोणाला?



सध्या आपल्याला नवीन शब्द ऐकवले जातात. कार्बन, हवामान बदल, हरित पट्टा. साहेब लोक सांगतात, हवा बिघडली, ऊन वाढलं, देशाला झाडं लावायचीत, म्हणून ही जमीन लागते. ही जमीन म्हणजे कोणती? तर आपल्या बापजाद्यांनी दगडं वेचून केलेली, जिच्यावर आपण ज्वारी-बाजरी पिकवतो ती.

हवा बिघडली हे खरंच आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, मोठे बागायतदार रडले. मग ज्यांच्याकडं विहीरही नाही त्यांचं काय झालं असंल? कोयता घेऊन कारखान्याची वाट धरावी लागली. म्हणून हवामानाची गोष्ट शहरवाल्यांची आहे असं समजू नका, ती आपल्या पोटाची आहे. पण हवा कोणी बिघडवली, याचा हिशोब आधी मांडा. तो हिशोब सरकारचाच आहे, आपण मनानं केलेला नाही.

भारत सरकारला आपल्या देशातून किती धूर अन् वायू हवेत जातो याचा अहवाल जगाला द्यावा लागतो. 1994 साली हा आकडा सुमारे 122 कोटी टन होता. 2019 साली तो 313 कोटी टन झाला. म्हणजे पंचवीस वर्षांत अडीचपट! 2020 साली लॉकडाऊन होतं, सगळं बंद, तरी 296 कोटी टन निघालाच.

आता सांगा, या पंचवीस वर्षांत आपल्या घरातला धूर अडीचपट झाला का? आपल्या दारात अडीचपट गाड्या आल्या का?

2020 च्या हिशोबात शंभरातले पंच्याहत्तरच्या वर भाग ऊर्जेचे आहेत. म्हणजे दगडी कोळसा जाळून केलेली वीज, डिझेल-पेट्रोल, कारखान्याचं इंधन. त्यात सगळ्यात मोठा वाटा विजेचा. चंद्रपूरला, कोराडीला, परळीला कोळसा जळतो, अन् वीज तारेवरून लांब जाते. जालन्याच्या स्टील कारखान्यांत भट्टी त्याच विजेवर भंगार वितळवते अन् सळई निघते. त्या सळईचे पूल झाले, बंगले झाले. आपली पोरं तिथं राबतात, म्हणून कारखाना बंद करा असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, ज्यानं वीज वापरली, ज्यानं नफा घेतला, बिल त्याच्या नावानं फाडा. जिच्या झोपडीत एक बल्ब आहे तिच्या नावानं कामून?

कोणी म्हणंल, तुमच्या चुलीचा पण धूर होतो. होतो ना. पण लाकूड जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड देशाच्या बेरजेत धरतच नाहीत. कारण झाड वाढताना तो हवेतूनच घेतं, अन् जळताना तोच परत जातो. शंभर हात खालून खणून काढलेल्या कोळशाचं तसं नसतं. कोणी म्हणंल, तुमच्या शेरड्या-गुरांचा वायू आहे. आहे, तो शेतीच्या खात्यात धरतात. सगळी शेती अन् सगळ्या देशाची गुरं मिळून शंभरात चौदाच्या आत आहेत. त्यात तुमची चार शेरडं किती, तुम्हीच बघा.

सरकार आणखी एक गोष्ट सांगतं, की 2005 ते 2020 या काळात उत्सर्जनाची तीव्रता 36 टक्क्यांनी कमी केली. ऐकायला गोड वाटतं. तीव्रता म्हणजे काय? शंभर रुपये कमवायला आधी दहा लाकडं जाळायचो, आता साडेसहा जाळतो. पण कमाई तिप्पट झाली तर लाकडं एकोणीस लागणार! म्हणजे धूर कमी झाला नाही, वाढलाच. फक्त रुपयामागचा घटला. अन् तो रुपया कोणाच्या खिशात गेला, हे तर त्या अहवालात लिहीतच नाहीत.

जगाच्या बैठकीत आपलं सरकार ठणकावून सांगतं, आमच्या देशात माणशी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत त्याच्या सात पटीच्या आसपास, मग आमच्यावर बोजा का टाकता? बरोबर आहे, आम्ही सरकारच्या बाजूनं उभे आहोत. 1991 सालीच अनिल अग्रवाल अन् सुनीता नारायण यांनी सांगितलं होतं, जगण्यासाठीचा धूर अन् चैनीचा धूर एका मापानं मोजू नका. पण जो न्याय दिल्ली अमेरिकेकडं मागते, तोच न्याय आम्ही दिल्लीकडं मागतो. दोन टन ही सरासरी आहे. एसीच्या बंगल्यातला माणूस अन् ऊसतोड करणारी बाई एका सरासरीत बसवली की बंगला झाकला जातो. देशाबाहेर गरिबाचं नाव पुढं करायचं अन् देशात गरिबाचीच जमीन मागायची, हा दुटप्पीपणा आहे.

आता हिशोबाची दुसरी बाजू. 2020 साली देशातल्या जंगलानं, झाडांनी अन् जमिनीनं मिळून सुमारे 52 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला. म्हणजे एकूण धुराच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त. हे जंगल कोणी राखलं? ज्यांनी वणवा विझवला, ज्यांनी मोहाचं झाड तोडलं नाही, त्यांनी. अहवालात ती जमा देशाच्या नावावर आहे. राखणाऱ्याच्या नावावर काय? अतिक्रमणाची नोटीस.

अन् पुढं बघा. 2030 पर्यंत झाडांतून आणखी 250 ते 300 कोटी टन शोषायचं वचन सरकारनं जगाला दिलंय. 2070 ला बेरीज शून्य करायचीय. 2016 च्या कायद्यानं वनीकरणाचा निधी आहे, 2023 पासून ग्रीन क्रेडिट आहे, ज्यात पैसेवाला पडीक वनजमिनीवर झाडांसाठी पैसा भरून नावावर पुण्य जमा करू शकतो. कागदावर पडीक म्हणजे बऱ्याचदा आपलं शेत, आपलं चराईचं रान. जालना तर राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथं झाडं पाहिजेतच. पण ती लोकांना हाकलून नको, लोकांच्या हातून पाहिजेत. एका जातीची रोपं लावून तार ओढली म्हणजे जंगल होत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, अन् ते गाव आपलं जंगल स्वतः सांभाळतं. तिथं जमतं, इथं का नाही?

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, पेसा इथं लागू नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे. म्हणून ही कामं करा:

1. कलम 4(5) पाठ करा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. तोंडी आदेश मानू नका, लेखी मागा.

2. ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. आपण अनुसूचित जमातीचे आहोत, तीन पिढ्यांचा पुरावा आपल्याला लागत नाही. जुनी दंडाची पावती, बांध, विहीर, स्मशान, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, यातले एकापेक्षा जास्त पुरावे जोडा.

3. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला तर कारण लेखी घ्या अन् 60 दिवसांत जिल्हा समितीकडं अपील करा.

4. एकेकट्याचा दावा करून थांबू नका. चराई, तळं, मोह, तेंदू, सगळ्या गावाचा सामूहिक दावा टाका. ग्रामसभेला निम्मे सभासद पाहिजेत, अन् हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.

5. गावाच्या रानात रोपवनाचा फलक लागायच्या आधी ठराव घ्या: आमच्या ग्रामसभेच्या संमतीशिवाय एक खड्डाही नाही.

झाडाला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. पण ज्यांनी धूर केला त्यांनी धूर कमी करावा. त्यांचं पाप धुवायला आमचं शेत मागू नये. जंगल राखलं आम्ही, आता हक्काचा कागदही आमच्याच हातात पाहिजे.

लढेंगे, जीतेंगे!