माशांच्या पेटीत नदीची वाळू

सुटीत मुलांनी हट्ट धरला की घरात काचेची पेटी येते, रंगीत मासे येतात आणि तळाला घालायला वाळूचा शोध सुरू होतो. बीड जिल्ह्यात गोदावरी, सिंदफणा, मांजरा असताना दुकानातून खडे कशाला आणायचे, असे आपल्याला वाटते. ते बरोबरही आहे. मात्र न तपासता घातलेल्या वाळूने मासे दगावतात आणि मुले हिरमुसतात.

आधी वाळू कुठली ते पाहू. वाळू हे गौण खनिज आहे. परवान्याशिवाय नदीतून उपसणे गुन्हा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद पेटीत दीड इंचाच्या थराला दहा-अकरा किलो वाळू पुरते. शेजारी बांधकाम चालू असेल तर मालकाला विचारून पावतीच्या वाळूतून तेवढी घ्यावी. सिमेंट लागलेली किंवा सांडपाणी मिसळते तिथली वाळू नको. दगड भरडून केलेली वाळूही टाळावी. तिच्या टोकदार कणांनी तळाशी चरणाऱ्या माशांचे तोंड सोलवटते.

आता चाळणीने काडीकचरा व मोठे खडे काढा. आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे पांढरट खडे सापडतात. ते हाताने वेचा. मग वाटीभर कोरड्या वाळूवर सिरका ओतून काही मिनिटे पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे. असा चुना पाण्यात हळूहळू उतरून पाणी जड करतो. बोअरचे पाणी आधीच जड असेल, तर निऑन टेट्रासारख्या नाजूक माशांना ते मानवत नाही. गप्पी, मॉली यांना जड पाणी चालते. तरी बुडबुडे फार येत असतील तर ती वाळू सोडून द्यावी.

काळ्या दगडाच्या वाळूत लोहाचे बारीक कण असतात. पिशवीत चुंबक घालून तो वाळूत फिरवला की ते चिकटून येतात. नाहीतर मोटरीत अडकतात.

पुढे बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा. साबण किंवा कपड्यांची पावडर अजिबात नको. दुष्काळी जिल्ह्यात इसराफ परवडणारा नाही. गढूळ पाणी झाडांना घाला. धुतलेली वाळू जुन्या भांड्यात, वर पाणी राहील इतके ठेवून दहा मिनिटे उकळा आणि कडक उन्हात वाळवा. उकळण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

वाळू पसरल्यावर तिच्यावर ताटली ठेवून पाणी हळू ओता, म्हणजे गढूळ होणार नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून ते दिवसभर उघडे ठेवलेले असावे. मासे मात्र एकदम सगळे सोडू नका. घाण पचवणारे जिवाणू वाळूत वसायला काही आठवडे लागतात. तोवर एक-दोनच ठेवा.

पेटीतल्या मुक्या जिवाला पाणी बदलून घेता येत नाही की दुसरीकडे जाता येत नाही. तो सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे. मुलांना वाळू धुवायला सोबत घेतले, तर ही जबाबदारी त्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.