रिपोर्ट कोणाच्या हाती?

सकाळी रक्त देऊन यावे आणि संध्याकाळी मोबाइलवर संदेश यावा, ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे, येथे क्लिक करा.’ ही सोय आता अंगवळणी पडली आहे. काही महिन्यांपूर्वी अशीच एक लिंक प्रस्तुत लेखकाने मोबाइलवर पाहून संगणकावर हाताने टाइप केली. लिंकच्या शेवटी सात आकडे होते, त्यातला एक चुकला. समोर रिपोर्ट उघडला तो दुसऱ्याच कोणा बाईंचा. नाव, वय, मोबाइल क्रमांक, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गर्भधारणेची तपासणी. पान लगेच बंद केले. पण त्या बाईंनी कदाचित घरीही सांगितले नसेल ते एका अनोळखी माणसाला कळले होते. त्यासाठी कोणी कुलूप फोडले नव्हते. तिथे कुलूपच नव्हते.

प्रयोगशाळेला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘पण लिंक फक्त पेशंटलाच जाते ना!’ सारा गैरसमज या एका वाक्यात आहे. पत्ता ठाऊक असणे हा ओळखीचा पुरावा नाही. वेबसाइटने दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. आलेला माणूस कोण आहे, हा पहिला. तो जे मागतो आहे ते त्याचे आहे का, हा दुसरा. बँकेत लॉकरच्या खोलीत सही करून आत सोडलेल्या माणसाला शेजारचा लॉकर उघडू देत नाहीत. वेबसाइटवर मात्र पहिला प्रश्न कसाबसा विचारला जातो आणि दुसरा सर्रास विसरला जातो. लॉगिन करून आत गेलेला माणूस लिंकमधला आकडा बदलून दुसऱ्याची फाइल पाहू शकतो. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१ साली सर्वांत गंभीर दहा त्रुटींची यादी काढली, तेव्हा परवानगी न तपासण्याची ही चूक पहिल्या क्रमांकावर होती. ती टाळण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फाइल देण्याआधी, प्रत्येक वेळी, ‘ही याचीच का?’ एवढे तपासणाऱ्या चार ओळी लागतात.

आरोग्याच्या माहितीत ही चूक वेगळ्या जातीची ठरते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड बंद करून नवे घेता येते. एचआयव्हीचा, क्षयाचा किंवा मनोविकाराचा रिपोर्ट एकदा बाहेर गेला की तो परत घेता येत नाही. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. रुग्णांनी उपचारकाला सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदी तिच्या डेटाबेसमध्ये होत्या. हा डेटाबेस इंटरनेटवरून गाठता येत होता आणि त्याच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. नोंदी चोरीला गेल्या. चोराने आधी कंपनीकडे आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये थेट रुग्णांकडे खंडणी मागितली: २०० युरो द्या, नाहीतर तुम्ही उपचारकाला जे सांगितले ते जगाला दाखवू. बाधितांची संख्या सुमारे ३३ हजार होती. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. आपल्या सर्वांत नाजूक क्षणांवर कोणी किंमत लावली, हे त्या हजारो माणसांच्या मनातून त्यामुळे पुसले गेले असेल असे वाटत नाही.

ही छोट्या देशातल्या निष्काळजी कंपनीची गोष्ट, असे म्हणून सोडायचे तर अमेरिकेकडे पाहावे. चेंज हेल्थकेअर ही कंपनी तिथल्या रुग्णालये, औषधदुकाने आणि विमा कंपन्यांमधले व्यवहार जोडते. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेला पासवर्ड वापरून हल्लेखोर तिच्या एका पोर्टलमधून आत शिरले. नऊ दिवसांनी त्यांनी सारी यंत्रणा गोठवली. देशभरच्या औषधदुकानांत विम्याचे दावे अडकले, अनेक छोट्या दवाखान्यांचे उत्पन्न आठवडेच्या आठवडे थांबले. कंपनीने २.२ कोटी डॉलर खंडणी दिली, तरीही सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाधित झाली. मूळ कंपनीच्या प्रमुखांना अमेरिकी संसदेसमोर कारण सांगावे लागले: त्या पोर्टलवर पासवर्डखेरीज दुसरा कोणताही पुरावा मागितला जात नव्हता. दुसरा पुरावा मागणे हे कंपनीचे धोरण होते. त्या एका दाराला ते लावायचे राहिले होते.

पासवर्ड फुटतात ही नवी गोष्ट नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सामायिक संगणकावर एका गोंधळात दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. यातून धडा निघाला तो असा की, पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. तो गणिताच्या जात्यातून दळून पीठ साठवायचे. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळला जातो आणि दोन पिठे जुळतात का, एवढेच पाहिले जाते. दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूटभर भर घालतात. तंत्रज्ञ तिला खरोखर ‘मीठ’च म्हणतात. आणि जाते मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे चोराला कोट्यवधी अंदाज दळून पाहणे परवडत नाही. बीक्रिप्ट ही अशी पद्धत १९९९ पासून आहे, फुकट आहे. तरीही पासवर्ड उघडे ठेवणारी संकेतस्थळे संपलेली नाहीत. ती ओळखण्याची एक घरगुती परीक्षा आहे. ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबल्यावर तुमचाच जुना पासवर्ड ईमेलने परत आला, तर त्यांच्याकडे पीठ नाही, गहूच पडून आहे.

आपल्याकडे पासवर्डची जागा बऱ्याच ठिकाणी ओटीपीने घेतली आहे. ते वाईट नाही. पण चार आकडी ओटीपीच्या शक्यता दहा हजारच असतात. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नसेल तर एखादा साधा प्रोग्रॅम त्या थोड्या वेळात संपवतो. रिपोर्टच्या पीडीएफला ‘नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष’ असा पासवर्ड लावण्याची प्रथा तर निव्वळ समजूत काढण्यासाठी आहे. नाव त्या संदेशातच असते, आणि जन्मवर्ष नातेवाइकांपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सर्वांना माहीत असते. शिवाय आपल्या घरांत एक मोबाइल अनेकांचा असतो. सासूबाईंच्या नंबरवर सुनेचा ओटीपी येतो. अशा वेळी, ‘रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवू?’ हे काउंटरवर त्या बाईलाच, इतरांना ऐकू न जाईल असे विचारणे हाही सुरक्षेचाच भाग आहे.

पैशाच्या बाबतीत आपण हे कधीच शिकलो. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरा पुरावा सक्तीचा केला. तेव्हा व्यापाऱ्यांनी कुरकुर केली होती. आज दीडशे रुपयांच्या खरेदीलाही ओटीपी टाकताना कोणाला काही वाटत नाही. दीडशे रुपयांना जे संरक्षण मिळते ते बायोप्सीच्या रिपोर्टला मिळू नये, याला काय म्हणावे? कायदा नाही असेही नाही. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली. रुग्णाचा रिपोर्ट मात्र आजच तयार होतो आहे.

दोष सगळा प्रयोगशाळांचा नाही. गावोगावच्या लॅबना सॉफ्टवेअर पुरवणारे छोटे व्यावसायिक असतात. आधी बिलिंग चालू करू, लॉगिनचे नंतर बघू, असे ठरते आणि ते ‘नंतर’ येत नाही. काही जण उत्साहाने लॉगिनची यंत्रणा स्वतः घडवतात, तेही धोक्याचेच. जँगो किंवा लाराव्हेलसारख्या खुल्या चौकटींत पासवर्ड दळण्यापासून लॉगिन सांभाळण्यापर्यंतचे काम जगभरच्या हजारो डोळ्यांखालून गेलेले असते. ते घ्यावे आणि आपली हुशारी अहवालांच्या मांडणीत दाखवावी. रुग्णालयांत आणखी एक अडचण असते. अतिदक्षता विभागातल्या संगणकावर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसते आणि आपण परिचारिकांना नावे ठेवतो. पण रुग्ण गुदमरत असताना बारा अक्षरे टाइप करत बसणे कोणाला जमेल? तिथे गळ्यातले ओळखपत्र टेकवताच उघडणारी आणि माणूस दूर जाताच बंद होणारी व्यवस्था हवी. वापरताच येणार नाही अशा कुलपाला लोक चिठ्ठी चिकटवणारच.

त्या प्रयोगशाळेने आमचे म्हणणे ऐकले, हे सांगायला हवे. तीन आठवड्यांनी तीच लिंक उघडून पाहिली, तर आता आधी ओटीपी मागितला गेला. चार आकडी. स्वतःच्याच नंबरवर मुद्दाम चुकीचे आकडे टाकून पाहिले. पंधराव्या प्रयत्नानंतरही ते पान शांतपणे सोळाव्याची वाट पाहत होते. पुन्हा फोन केला आहे.