लपविलेले दुखणे

गेल्या श्रावणातील गोष्ट. शहापुरातील आमच्या जुन्या शेजारीणबाई दुपारच्या वेळी घरी आल्या, त्या काहीशा चिंतेतच. त्यांची लेक व जावई कॅनडातील कायम वास्तव्यासाठी अर्ज करीत होते. पदव्यांचे कागद तपासून झाले होते, इंग्रजीची परीक्षाही झाली होती. उरली होती ती वैद्यकीय तपासणी.

"ताई, तिथला डॉक्टर म्हणे विचारतो, पूर्वी क्षय झाला होता का? लेक मला विचारते, आई, मी काय सांगू?"

लेकीला एकोणिसाव्या वर्षी क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, मुलगी खडखडीत बरी झाली. पण पुढे लग्न जमवायचे, म्हणून आईने औषधाच्या चिठ्ठ्या आणि क्ष-किरणाची फिल्म, सारे काही एका पहाटे बंबात घातले. सासरी आजवर कोणाला पत्ता नव्हता, जावयांनासुद्धा नाही.

या बाईंना दोष देणे सोपे आहे. परंतु आपल्या भागात ज्यांनी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात घरचे माणूस पोहोचविले आहे, त्यांना ही भीती कोठून आली ते ठाऊक आहे. वस्तुतः १९५९ सालीच मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले होते, की क्षयाचा रोगी घरी राहून नेमाने औषध घेऊनही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका पोहोचत नाही. औषध पुढे गेले. लाज मात्र मागे घरातच राहिली.

आता या तपासणीविषयी थोडे. ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चालत नाही. कॅनडाच्या खात्याने नेमलेल्या यादीतील डॉक्टरांकडेच जावे लागते. पाच वर्षांपासून पुढे लघवीची, अकरा वर्षांपासून पुढे छातीच्या क्ष-किरणाची आणि पंधरा वर्षांपासून पुढे रक्ताची तपासणी होते. दिवस गेलेले असतील तर क्ष-किरणापूर्वीच तसे सांगावे. शुल्क आपणच भरायचे; अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. डॉक्टर अहवाल परस्पर खात्याकडे पाठवितात. पास-नापास ठरविणे त्यांच्या हाती नसते, निर्णय खात्याचा. निकाल साधारण बारा महिने ग्राह्य असतो. 'एक्स्प्रेस एन्ट्री' या मार्गाने जाणाऱ्यांना २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज करण्यापूर्वीच ही तपासणी करून घ्यावी लागते, आणि निमंत्रण आल्यावर अर्जाला मुदत मिळते ६० दिवसांची. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

मी बाईंना म्हटले, "खरे तेच सांगू द्या. बऱ्या झालेल्या क्षयामुळे कोणाला दार बंद होत नाही. रोग चालू असेल, तर आधी उपचार पुरे करावे लागतात, एवढेच. पण नाही म्हटले आणि फिल्मवर जुना वण दिसला, तर तो खोटेपणा ठरू शकतो. तसे ठरले, तर पाच वर्षे त्या देशाचे नाव काढायला नको."

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "देशाचे राहू द्या हो. जावयांना कोण सांगणार?"

लेकीनेच सांगितले. जावई थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "औषध कोणाचे होते? तिथे नोंद असेल." दोघे दुसऱ्याच दिवशी टिळकवाडीत गेली. ते डॉक्टर कधीच निवर्तले होते. दवाखान्याच्या जागी मोबाइलचे दुकान होते.

राणी चेन्नम्मा गाडीने दोघे बंगळूरला गेली. लेकीने विचारण्यापूर्वीच सारे सांगितले. फिल्मवर वण होताच. जुनी फिल्म असती तर दोन्ही शेजारी धरून तो वण वाढलेला नाही हे डॉक्टरांना पाहता आले असते. ती तर बंबात गेली होती. मग लागोपाठ तीन सकाळी थुंकी तपासणीला द्यावी लागली. तिच्यातून जंतू वाढतात का, हे पाहायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. ते दिवस बाईंनी कसे काढले ते मी पाहिले आहे. निकाल निर्दोष आला. अशा वेळी तेथे पोहोचल्यावर सार्वजनिक आरोग्य खात्याकडे हजेरी लावण्याची अट घातली जाऊ शकते. ती शिक्षा नव्हे.

याच ओघात आणखी एका लपवालपवीविषयी सांगावेसे वाटते. "आपण दोघे पुढे जाऊ, बाळाला आजीपाशी ठेवू, त्याचे मागाहून पाहू," असे कित्येक जोडपी ठरवितात. ठेवायला हरकत नाही. पण अर्जात बाळाचे नाव हवे आणि त्याचीही तपासणी व्हायला हवी. ज्याचे नाव दिले नाही, ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो. काही अर्जदारांसाठी २०१९ पासून सवलत देण्यात आली. परंतु अशा सवलतीच्या भरवशावर लेकरू ठेवू नये.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाची मोठी दुखणी झाली असतील, तर रोगाचे नाव, औषध केव्हा सुरू झाले व केव्हा संपले, डॉक्टरांची सही आणि जुन्या फिल्म एका जागी ठेवा. परदेशी जायचे नसले तरी ठेवा. तपासणीला जाताना पासपोर्ट, चष्मा व चालू औषधांची यादी बरोबर असू द्या.

संक्रांतीला बाई तिळगूळ द्यायला आल्या, तेव्हा हातात रेक्झिनची नवी फाईल होती. "यात माझ्या रक्तदाबाचे कागद लावायचेत," म्हणाल्या. "पहिल्या पानावर काय लिहू, ते तेवढे सांगा."